स्वतःच्या शरीरावर सांगाडा कसा अभ्यासावा

प्रौढ माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात, हे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. परंतु तक्त्यावरील नावे घोकल्याने एखादे हाड तसेच का घडले आहे, हे कळत नाही. त्यासाठी सर्वांत चांगले साधन म्हणजे स्वतःचे शरीर. कारण बरीच हाडे कुठे ना कुठे त्वचेच्या अगदी जवळ येतात आणि बोटांनी चाचपता येतात. सैल कपडे, एक आरसा आणि तासाभराची सवड एवढेच पुरेसे आहे. दाब हलका ठेवावा आणि जिथे दुखापत झालेली असेल किंवा सूज असेल, तो भाग वगळावा.

बहुतेक पुस्तके कवटीपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात हातापासून करावी, कारण तिथे रचना आणि कार्य यांचे नाते हालचालीसकट समजते. उजवा तळहात उताणा ठेवून डाव्या हाताची बोटे कोपराच्या टोकावर ठेवावीत. हे टोक अल्ना या हाडाचे आहे. तिथून करंगळीच्या बाजूने खाली सरकत गेल्यास या हाडाची धार मनगटापर्यंत सलग लागते. त्याचे सोबती हाड रेडियस मात्र वरच्या भागात स्नायूंखाली दडलेले असते आणि अंगठ्याच्या बाजूने मनगटाजवळ स्पष्ट होते. आता अल्नावरची बोटे न उचलता तळहात पालथा करावा. अल्ना जवळपास जागच्या जागी राहते आणि रेडियस तिच्यावरून तिरपे ओलांडून जाते. कोपर वाकवून त्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या किंचित खाली बोट ठेवले आणि तळहात उताणा-पालथा केला, तर रेडियसचे गोल डोके बोटाखाली फिरताना जाणवते. कुलपात किल्ली फिरवणे किंवा घास उचलून तोंडाशी नेणे, ही कामे या दोन हाडांच्या वाटणीवर अवलंबून आहेत: कोपराची बिजागरी प्रामुख्याने अल्ना सांभाळते, तर वळवण्याचे काम रेडियस करते.

कोपरावर आणखी थोडे थांबावे. त्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे दंडाच्या हाडाचे आहेत. हात सरळ असताना हे दोन उंचवटे आणि कोपराचे टोक एका आडव्या रेषेत येतात. कोपर काटकोनात वाकवले की त्यांचा त्रिकोण होतो. कोपराचा सांधा निखळला तर हा त्रिकोण बिघडतो. उलट दंडाचे हाड कोपराच्या वर मोडले असेल, तर तो सहसा शाबूत राहतो, म्हणून डॉक्टर आजही ही तपासणी करतात. आतील उंचवट्याच्या मागच्या खोबणीतून एक मज्जातंतू जातो. तिथे टणक वस्तू आपटली की करंगळीत आणि अनामिकेत झिणझिण्या येतात त्या याच कारणाने, हाडामुळे नव्हे.

पुढे मनगट. अंगठा ताणून वर उचलल्यावर त्याच्या मुळाशी दोन ताठ शिरांमध्ये एक खळगा दिसतो. या शिरा म्हणजे प्रत्यक्षात स्नायूबंध आहेत. खळग्याच्या तळाशी मनगटाच्या आठ लहान हाडांपैकी स्कॅफॉइड हे हाड असते. हात टेकून पडल्यानंतर नेमके इथे दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेत काही न दिसले तरी दुर्लक्ष करू नये, कारण या हाडाला रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील टोकाकडून होतो आणि मोडल्यावर ते भरून येण्यास वेळ लागतो. एका हातात 27 आणि एका पायात 26 हाडे असतात, म्हणजे शरीरातील निम्म्याहून अधिक हाडे हातापायांच्या पंजांतच आहेत.

खांद्याकडे वळताना गळ्याखालील आडव्या हाडावरून बोट फिरवावे. संपूर्ण हाताला धडाशी हाडाने जोडणारा हा एकमेव दुवा आहे. फरा, म्हणजे खांद्यामागचे पाठीवरील चपटे हाड, बरगड्यांच्या पाठीशी केवळ स्नायूंनी धरलेला असतो. दुसऱ्या व्यक्तीला हात वर उचलण्यास सांगून तिच्या फऱ्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवले, तर ते टोक बाहेरच्या बाजूस सरकताना जाणवते. हात डोक्यावर नेण्याच्या हालचालीत सुमारे एक तृतीयांश वाटा या सरकण्याचा असतो.

पाठीच्या कण्यात 33 मणके असतात, पण त्यांतील तळाचे नऊ एकमेकांना जुळून त्रिकास्थी आणि माकडहाड तयार झालेले असते. मान पुढे झुकवल्यावर तिच्या पायथ्याशी जो मणका ठळक दिसतो, तो सहसा मानेचा सातवा. काहींमध्ये त्याच्या खालचा अधिक ठळक असतो. नंतर दोन्ही हात कमरेवर ठेवून कटीच्या हाडाच्या वरच्या कडा शोधाव्यात. त्या कडांना जोडणारी रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. प्रौढांमध्ये मज्जारज्जू याहून बराच वर संपतो, म्हणून पाठीतून पाणी काढताना डॉक्टर याच रेषेचा आधार घेतात.

छातीवर गळ्याच्या खळग्यापासून खाली सुमारे पाच सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी असते. पहिली बरगडी गळ्याच्या हाडामागे लपल्यामुळे मोजणी इथूनच सुरू करावी. ईसीजीचे पहिले दोन बिंदू लावण्यासाठी चौथ्या बरगडीखालची जागा याच पद्धतीने शोधतात. हात फासळ्यांवर ठेवून खोल श्वास घेतला की खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर आणि वर उचलल्या जातात. हा पिंजरा हृदय आणि फुफ्फुसांना संरक्षण देतो. शिवाय श्वास घेण्याच्या कामात तो स्वतः सहभागी होतो.

पाटावर मांडी घालून बसल्यास खाली जी दोन टणक टोके टोचतात, त्यांवर बसलेल्या शरीराचा भार येतो. उभे राहिल्यावर तो मांडीच्या हाडातून नडगीकडे जातो. नडगीची पुढची धार त्वचेखाली उघडीच असते, तर तिच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड भाराचा थोडाच वाटा उचलते आणि खाली बाहेरचा घोटा बनवते. हा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला असतो. त्यामुळे पाऊल बाहेरच्या बाजूस सहज वळत नाही आणि मुरगळते ते बहुधा आतल्या बाजूस. पाय सैल सोडल्यावर गुडघ्याची वाटी बोटांनी इकडेतिकडे सरकते, मांडी ताठ करताच ती घट्ट बसते. मांडीच्या स्नायूंचा जोर तिच्यामुळे वाढतो.

डोक्यात चाचपण्यासारखे थोडेच आहे. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडल्यास खालच्या जबड्याचे डोके पुढे सरकते, आणि चेहऱ्यात हलणारे हाड तेवढेच. कानाच्या आतील, जेमतेम तीन मिलिमीटरचे सर्वांत लहान हाड मात्र चित्रातच पाहावे लागते.

हाड कशाचे बनले आहे, हे पाहायचे असेल आणि घरात मांसाहार होत असेल, तर कोंबडीच्या तंगडीची दोन स्वच्छ हाडे घ्यावीत. एक पाण्यात आणि दुसरे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे, आणि व्हिनेगर अधूनमधून बदलावे. काही दिवसांनी व्हिनेगरमधील हाड वाकू लागते, कारण कठीणपणा देणारे कॅल्शियमचे क्षार विरघळून गेलेले असतात आणि कोलॅजेन हे चिवट प्रथिन उरते. पाण्यातील हाड मात्र वाकत नाही.