ई-बुक दुरुस्त करायचंय? आधी फाइलचा प्रकार बघा

फाइल एडिटरमध्ये उघडत नसेल, तर तिच्या नावाचा शेवट तपासा. सिजिल हे सॉफ्टवेअर ई-पब या ई-बुकच्या प्रकारासाठीच बनवलेलं आहे. कॅलिबर या ई-बुक सॉफ्टवेअरमधला एडिटर ई-पबसोबत किंडलचा एझेडडब्ल्यू३ हा प्रकार सुद्धा घेतो. किंडलचाच जुना प्रकार असलेली मोबी फाइल मात्र तिथे थेट सुधारता येत नाही, आधी कॅलिबरमध्येच तिचं ई-पब करून घ्यावं लागतं. डीआरएमचं, म्हणजे कॉपी रोखणारं, कुलूप असलेली फाइल यातल्या कशातच उघडणार नाही.

ई-पब म्हणजे मुळात झिपच. आत मजकुराच्या एक्सएचटीएमएल फाइली, मांडणीची सीएसएस, चित्रं, फॉन्ट. पण म्हणून झिप सोडून ती स्वतःच पुन्हा बांधायला जाऊ नका. आतली ‘माइमटाइप’ नावाची इवलीशी फाइल सगळ्यांत पहिली आणि कॉम्प्रेस न केलेली असावी लागते, नाहीतर ई-पबचेक या ई-पब तपासणाऱ्या साधनाच्या तपासणीत पुस्तक नापास होतं. एडिटर हे आपोआप सांभाळतो.

पीडीएफवरून ई-पब बनवणं शक्यतो टाळाच. पीडीएफमध्ये प्रामुख्याने अक्षराची पानावरची जागा नोंदलेली असते, परिच्छेद कुठे सुरू होतो हे बहुधा नसतंच. मग वाक्याच्या मधोमध पानाचा क्रमांक घुसतो, ‘प्रश्न’सारख्या शब्दातली जोडाक्षरं फुटतात, आणि ते सगळं निस्तरण्यात दिवस जातात. त्यापेक्षा लेखकाकडून वर्डची मूळ फाइल मागून घ्या. ती जुन्या डॉक प्रकारात असेल तर आधी डॉक्सएक्स म्हणून सेव्ह करा. कॅलिबर डॉक वाचत नाही.

दुरुस्त्या नेहमी ई-पबमध्येच करा आणि बाकीचे प्रकार त्यातूनच काढा.