फ्रँकिश ब्रोच कसा बघावा: सुरुवात मागच्या बाजूने

काचेच्या पेटीत फ्रँकिश ब्रोच दिसला की नजर थेट लाल खड्यांवर जाते. ते आधी बाजूला ठेवा. इ.स. ५व्या ते ७व्या शतकात आजच्या फ्रान्स, बेल्जियम आणि ऱ्हाईनकाठच्या प्रदेशात राहणाऱ्या फ्रँक नावाच्या लोकांमधल्या बायका हे ब्रोच कपडे अडकवायला वापरत. म्हणजे आधी सेफ्टी पिन, मग दागिना. सरावासाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचं संकेतस्थळ उघडा. अमेरिकन बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या संग्रहातून १९१७ साली आलेले बरेच नग तिथे मोठे करून बघता येतात.

१. मागची बाजू. टाचणी, तिचं स्प्रिंग आणि टोक अडकवायची कडी शोधा. टाचणी बहुधा लोखंडाची, त्यामुळे गंजून गेलेली. पण या गंजातच कधीकधी कापडाची वीण उमटलेली असते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या झग्याचा एवढाच काय तो पुरावा उरतो.

२. आकार. अर्धगोल डोकं, त्यावर बोटांसारखी टोकं, मध्ये कमान, खाली लांबट पाय: हा कमानी ब्रोच. चांदीचा, वर सोन्याचा मुलामा. याची जोडी थडग्यात पुष्कळदा कमरेच्या खाली सापडते. पक्ष्यांच्या आणि चकतीच्या आकाराचे छोटे ब्रोच मात्र छातीपाशी, गळ्याशी.

३. खडे. इथे वेळ काढा. हे गार्नेट, म्हणजे आपला तामडा. पातळ चकत्या कापून सोन्याच्या पट्ट्यांच्या घरांत बसवलेल्या. आता एखादं रिकामं घर शोधा, खडा पडून गेलेलं. तळाशी बारीक चौकड्या दाबलेला सोन्याचा पत्रा दिसेल. खड्यातून आत गेलेला उजेड त्या चौकड्यांवरून उलट फिरतो, म्हणून खडा निखाऱ्यासारखा पेटलेला दिसतो. आपल्याकडच्या कुंदनकामातही खड्याखाली चकचकीत वर्ख घालतात, युक्ती तीच. इतकंच नाही, खड्यांच्या रासायनिक तपासणीत यातले बरेचसे गार्नेट भारतातले आणि श्रीलंकेतले निघाले आहेत.

४. वय. खडे घट्ट, एकाला एक चिकटून असतील तर ब्रोच बहुधा ६व्या शतकातला. ७व्या शतकात पूर्वेकडचा माल आटला, बोहेमियातले (आजच्या चेक प्रजासत्ताकातले) बारीक खडे आले. मग खडे सुटेसुटे झाले आणि मधली जागा सोन्याच्या तारकामाने भरली. ही ढोबळ खूण आहे, पण मी पहिला अंदाज याच्यावरच बांधते.

५. शेवटी पाटी वाचा, आधी नाही. वस्तू कुठल्या थडग्यातून, शरीराच्या कुठल्या भागापाशी मिळाली, हे लिहिलंय का बघा. दलालाकडून आलेल्या नगांना हे नसतं. याउलट १९५९ साली पॅरिसजवळच्या सेंट-डेनिस चर्चखाली एक दगडी शवपेटी उघडली. त्यात गार्नेटच्या दोन गोल ब्रोचांसोबत ‘आर्नेगुंडिस’ हे एका फ्रँकिश राणीचं नाव कोरलेली अंगठीही होती. ब्रोच कुणाचे, हे तिथे अंगठीनेच सांगितलं.