कोचमन माशीचा पंख सरळ कसा बसला

ठाण्यात ट्राउट मासा नाही. त्याला भुलवायच्या माशा, म्हणजे गळावर पिसं आणि धागा गुंडाळून केलेली नकली किडे, घरी बांधून हिमाचलच्या तीर्थन नदीवर नेतो. जुन्या इंग्रजी वळणाची, पाण्याखाली पोहणारी कोचमन ही माझी सगळ्यात लाडकी माशी: मोरपिसाच्या तंतूंचं गुबगुबीत अंग, कोंबडीच्या तपकिरी पिसाची मान आणि बदकाच्या पांढऱ्या पिसाचा पंख. मात्र १२ नंबरच्या गळावर पंख दरवेळी पलीकडच्या बाजूला लोळायचा.

कारण धाग्यात होतं. प्रत्येक वेढ्याबरोबर पीळ पडून धागा गोल दोरीसारखा होतो आणि पिसाला आपल्याबरोबर ओढत नेतो. आता पंख लावण्याआधी बॉबिन (धाग्याची रीळ धरणारं साधन) लोंबती सोडून, वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतो. पीळ सुटून धागा चपटा होतो.

माशीच्या पंखासाठी पट्ट्या दोन पिसांतून घ्यायच्या, एक बदकाच्या डाव्या पंखातल्या आणि एक उजव्या पंखातल्या पिसाची, सारख्याच रुंदीच्या. त्या जुळवून गळाच्या माथ्यावर धरायच्या. मग चिमटीतच धाग्याचा सैल फास घ्यायचा आणि सरळ खाली ओढायचा. चिमूट मुळीच ढिली करायची नाही, सगळं यश तिच्यात आहे. असे आणखी दोन-तीन फास टाकून मगच बोटं काढायची.

पंखाची बैठक अंगाला चिकटून नको. तिथल्या उंचवट्यावर पंख फिस्कटतो. गळाच्या डोळ्यामागे (दोर ओवायच्या भोकामागे) धाग्याचा सपाट थर द्या आणि त्यावरच बांधा. खोलीतला विजेचा पंखाही बंद ठेवा, नाहीतर पट्ट्या उडतात.