पट्टीचा पोहणारा आणि वाहतं पाणी

आमच्या कृष्णाकाठी पोहता न येणारं पोर सहसा सापडत नाही. पाठीला डबा बांधून चौथीतच विहिरीत ढकललेलं असतं. त्यामुळे 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा मदतीला उतरलेले आम्ही सगळे स्वतःला तयारच समजत होतो. कुणी गूळ करायच्या काहिलीत बसून, कुणी ट्रकच्या इनरवर. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये माणसं हलवताना बोट उलटली. बोटीत मावतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. ती बातमी ऐकली तेव्हा मीही एका बोटीत उभा होतो, आणि आमचीही भरलेलीच होती.

पूर ओसरल्यावर रीतसर शिकायचं ठरवलं. पहिलं प्रशिक्षण मिळालं ते पोहण्याच्या तलावात. निळ्याशार पाण्यात बुडणाऱ्याचं सोंग घेतलेल्या मित्राला काठावर आणलं, फोटो झाला, प्रमाणपत्र मिळालं. त्या पाण्याला ओढ नव्हती, गाळ नव्हता, तारेचं कुंपण नव्हतं. नव्यानं या कामात येणाऱ्यांनी ‘बोटीचं प्रशिक्षण झालंय’ या वाक्यावर लगेच विश्वास ठेवू नये. कुठल्या पाण्यात झालं, ते आधी विचारावं.

माझे डोळे उघडले कोलाडला. तिथं वीजप्रकल्पातून सोडलेलं पाणी सकाळी कुंडलिका नदीत येतं आणि राफ्टिंग चालतं. एका धारेत मी राफ्टमधून पडलो आणि सवयीनं पाय टेकून उभं राहायला गेलो. गाईड इतक्या जोरात ओरडला की अजून आठवतं. जोराच्या प्रवाहात पाऊल दगडाच्या कपारीत अडकलं, तर मागचं पाणी माणसाला पालथं पाडून दाबून धरतं. कमरेएवढ्या पाण्यातही माणूस जातो. पाठीवर आडवं व्हायचं, पाय पुढं आणि पृष्ठभागाला, नाक आकाशाकडे, हातांनी काठाकडे वळत राहायचं. वीस वर्षं पोहत होतो, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, हे गणितात शिकलो होतो. मांड्यांना कळलं ते तिथं.

पुढचं शिकणं म्हणजे बरंचसं जुनं विसरणं होतं. आम्ही कंबरेला दोर बांधून उडी मारायचो. तो दोर ताणला की पाणी माणसाला खाली दाबतं आणि गाठ सुटत नाही. आता क्रम उलटा: आधी काठावरून हात किंवा बांबू द्या, मग थ्रो बॅग फेका, मग बोट; स्वतः पाण्यात उतरायचं ते अगदी शेवटी. थ्रो बॅग म्हणजे तरंगणारा दोर भरलेली पिशवी, साधारण वीस मीटरची. वरच्या अंगाला एक जण वाहून येणारी झाडं बघत उभा हवा, खालच्या अंगाला दोन जण दोर घेऊन. इतकी माणसं नसतील तर थांबा. थांबणं मला आजही जमत नाही, काठावर बायामाणसं ओरडत असतात.

बंधाऱ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. वरून पाणी शांत दिसतं, पण खाली कोसळलेलं पाणी उलटं फिरून बंधाऱ्याच्याच भिंतीकडे येत राहतं. त्यात सापडलेली वस्तू पुन्हापुन्हा आत ओढली जाते, बोटसुद्धा. प्रशिक्षित माणसालाही नदी सोडत नाही. 23 मे 2024 ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्या दिवसापासून आमच्या गटातला कुणीही बंधाऱ्याजवळ बोट नेत नाही, शिव्या पडल्या तरी.

राहिला सरकारकडे प्रशिक्षण मागायचा भाग. सरकारच्या आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना मिळणारं प्रशिक्षण 12 दिवसांचं. पूर, भूकंप, आग, प्रथमोपचार सगळं त्यातच. जरूर करा, पण वाहत्या पाण्याच्या वाट्याला त्यात थोडंच येतं. म्हणून वेगळी मागणी करावी लागते. मी पहिली दोन वर्षं चुकीच्या महिन्यात अर्ज दिले. जुलैत साहेबांना श्वास घ्यायला वेळ नसतो आणि दिवाळीनंतर पूर कुणाला आठवत नाही. अर्ज फेब्रुवारीत द्या, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नावे. जिल्हाधिकारीच त्याचे अध्यक्ष असतात. ‘बोट द्या’ असं लिहू नका. बोट मिळते आणि शाळेच्या पडवीत उंदीर खातात. ‘वाहत्या नदीत तीन दिवस सराव, दहा जणांना, हेल्मेट आणि मापाची जॅकेटं’ असं लिहा. मापाची हा शब्द विसरू नका. आम्हाला आलेली जॅकेटं पाण्यात गळ्यापर्यंत वर सरकायची.

आमचा ठराव तिसऱ्या खेपेला मंजूर झाला. मापाची जॅकेटं अजून यायची आहेत. तोवर रविवारी सकाळी घाटावर थ्रो बॅगा फेकतो. पोरं हसतात, मग त्यातलीच दोघं म्हणतात, काका, आम्हाला पण द्या की.