कूलरच्या तिन्ही जाळ्यांना सारखे पाणी कसे द्यावे

भुसावळ-जळगाव भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा कूलर असूनही खोली गार होत नसेल, तर दोष बहुधा पंख्याचा नसून जाळ्यांना मिळणाऱ्या असमान पाण्याचा असतो. जाळीतल्या गवताचा जो भाग कोरडा राहतो, त्यातून बाहेरची गरम हवा न निवता थेट आत येते.

प्रथम प्लग काढून कूलर पाणसळ लावून समपातळीत बसवावा, कारण किंचित कललेल्या कूलरच्या वरच्या पन्हळीतले पाणी एकाच कडेला धावते. बोअरच्या जड पाण्याने पन्हळीची छिद्रे क्षार साचून बुजतात. ती तारेने मोकळी करावीत. मग पंखा बंद ठेवून फक्त पंप दहा मिनिटे चालवावा आणि तिन्ही जाळ्या नीट न्याहाळाव्यात. पंपापासून लांबची जाळी बहुधा कोरडी दिसते. अशा वेळी पुन्हा प्लग काढून, जी जाळी लवकर निथळते तिच्या नळीला चिमटा लावून ती थोडी आवळावी आणि पुन्हा पाहावे. एकदम जास्त आवळू नये. हे काम धीराचे आहे. गवत खाली बसून वर फट पडली असेल, तर मात्र ते बदलावेच लागते.

समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, अन्यथा दमट हवा आतच कोंडते.