इंग्रजी क्रियापद चालवताना या चुका टाळा

नौपाड्यात संध्याकाळी मी इंग्रजी बोलायला शिकवते. बरीच मुलं कळवा-दिव्याकडून येतात आणि त्यांच्या मुलाखती असतात ऐरोलीला, नाहीतर महाप्याला. मध्यंतरी एक मुलगी मुलाखत देऊन थेट वर्गातच आली, रडवेली. तिथे ती म्हणाली होती, "आय हॅड वर्क्ड इन वाशी लास्ट इयर. आय ॲम वर्किंग इन ठाणे सिन्स सिक्स मंथ्स. आय डिडन्ट वर्क्ड ऑन संडेज." काळांचा अख्खा तक्ता तिला तोंडपाठ होता.

तक्ता तसा आहेच केवढा? वर्क, वर्क्स, वर्क्ड, वर्किंग. चार रूपं. आपल्या 'करणे'ची मोजायला बसा: करतो, करते, करतेस, करतात, केला, केली, केलं, करीन, करशील... हे सगळं जो न अडखळता बोलतो, त्याला चार रूपं जड नाहीत. गडबड होते ती मराठीतलं 'होतं' आणि 'आहे' उचलून जसंच्या तसं इंग्रजीत ठेवल्याने.

'होतं' म्हणजे 'हॅड' नव्हे

"काल मी स्टेशनवर तासभर थांबले होते." मराठीत या 'होते'मुळे फक्त काल घडलेलं कळतं. इंग्रजीत तेवढ्यासाठी "आय वेटेड" पुरतं. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्या आधी काही घडून गेलं असेल तर: "द ऑफिस हॅड क्लोज्ड व्हेन आय रीच्ड." मी पोचले, त्याआधीच ऑफिस बंद झालं होतं. म्हणून 'हॅड' तोंडावर आला की स्वतःला विचारा, "कशाच्या आधी?" उत्तर नसेल तर 'हॅड' काढून टाका.

'आहे'चंही तसंच. "मी कालच मेल पाठवलाय" हे आपल्याकडे अगदी सहज, पण "आय हॅव ईमेल्ड यस्टरडे" चूक. संपलेली वेळ सांगितली की 'हॅव' जातो. बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पोचली, तर "द ट्रेन रीच्ड ठाणे इन १८५३". गाडी आत्ता समोर येऊन थांबली असेल आणि वेळ सांगायची नसेल, तेव्हा "द ट्रेन हॅज रीच्ड".

'पासून' आणखी फसवतं. "सहा महिन्यांपासून करतेय" आणि "जूनपासून करतेय", आपल्याला दोन्हीकडे एकच 'पासून' चालतं. इंग्रजीत किती काळ ते सांगताना 'फॉर', कधी सुरू झालं ते सांगताना 'सिन्स'. आणि 'करतेय' म्हटल्यावर 'ॲम वर्किंग' ओठांवर येतं, तिथे हवं "हॅव बीन वर्किंग".

'डिड' आला की भूतकाळ त्यानेच उचललेला असतो, मागचं क्रियापद साधं ठेवा: "डिडन्ट वर्क". 'डझ' आला की तो 'एस' घेऊन जातो: "डझ शी वर्क?" 'डझ' नसेल तेव्हा मात्र "शी वर्क" म्हणू नका, 'वर्क्स' म्हणा. "पोचेन तेव्हा फोन करीन" यात दोन भविष्यकाळ असले तरी इंग्रजीत 'विल' एकदाच: "व्हेन आय रीच, आय विल कॉल."

'ईडी'चा उच्चार

भूतकाळात क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या या 'ईडी'ला मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देते, कारण कानाला खटकतं ते हेच. वर मी 'वर्क्ड' लिहिलंय खरं, पण तोंडातून यायला हवं 'वर्क्ट'. 'वर्केड' तर नकोच. शाळेतली कठोर आणि मृदू व्यंजनं आठवा. वाक् अधिक ईश म्हणजे वागीश, तिथे पुढच्या वर्णामुळे मागचा बदलतो. इथे मागचा पुढच्याला बदलतो. क्रियापदाच्या शेवटी क, प, स, श, च, फ यांसारखा कठोर आवाज असेल तर 'ट': कुक्ट, हेल्प्ट, वॉच्ट. मृदू आवाज किंवा स्वर असेल तर 'ड': प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. शेवटी ट किंवा ड असेल तरच वेगळं 'इड' ऐकू येतं: वेटिड, नीडिड. गळ्यावर दोन बोटं ठेवून म्हणून बघा. 'ग'ला गळा थरथरतो, 'क'ला नाही.

स्पेलिंगचं थोडक्यात: 'ईडी' लावताना 'स्टॉप'मध्ये 'पी' दोनदा येतो, 'व्हिजिट'मध्ये 'टी' एकदाच राहतो, कारण जोर पहिल्या अक्षरावर आहे. 'स्टडी'चा 'वाय' जाऊन 'आय' येतो, 'प्ले'चा 'वाय' तसाच राहतो.

त्या मुलीकडून आठवडाभर रोज तीच तीन वाक्यं म्हणून घेतली. "आय वर्क्ड इन वाशी लास्ट इयर. आय हॅव बीन वर्किंग इन ठाणे फॉर सिक्स मंथ्स. आय डिडन्ट वर्क ऑन संडेज." पहिली दोन तिसऱ्या दिवशीच बसली. 'डिडन्ट'नंतरचा 'ट' जायला शनिवार उजाडला.