जुना डेस्कटॉप स्वस्तात घ्यायचा का नवा? आधी जनरेशन विचारा, डिस्काउंट नंतर

कॉलेज ॲडमिशनचा नाहीतर दिवाळीचा सीझन आला की हा प्रश्न येतोच, की बावा नागपुरात बर्डीत एक जण आय सेव्हन, १६ जीबी रॅम, मॉनिटर-कीबोर्डसकट अर्ध्या भावात देऊन राहिला, घेऊन टाकू का. मी फक्त एवढंच विचारतो, कोणत्या जनरेशनचा, म्हणजे त्यातला इंटेलचा प्रोसेसर कितव्या पिढीचा? तर म्हणते ते नाही विचारलं. मग आधी ते विचारून या नं भाऊ, कारण सगळा खेळ तिथंच आहे.

प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागायचा. आय फाइव्ह ८५०० असेल तर पहिला आकडा ८, म्हणजे आठवी जनरेशन. आय फाइव्ह १२४०० असेल तर पहिले दोन आकडे, म्हणजे बारावी. आता आय सेव्हन ४७७० हा २०१३ चा आणि आय थ्री १२१०० हा २०२२ चा, दोघांतही ४ कोर आणि ८ थ्रेड (एकावेळी किती कामं हाताळतो त्याचे आकडे), पण रोजच्या कामात तो आय थ्री या आय सेव्हनला आरामात मागे टाकतो. म्हणून "आय सेव्हन आहे साहेब" ऐकून पाकीट काढू नका, जुन्या मशीनवर तेवढं एकच स्टिकर चमकत असते.

दुसरी गोष्ट विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी जनरेशन किंवा एएमडी रायझन २००० सिरीज आणि त्याच्या पुढचं लागते (एखाददुसरा अपवाद सोडा), वरून टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) पण पाहिजे. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या ऑफिसच्या मशीन इतक्या स्वस्त मिळून राहिल्या त्याचं मोठं कारण हेच आहे. दुकानदार म्हणेल विंडोज ११ टाकून देतो, आणि जुगाड करून ते चालतेही, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पुढच्या अपडेटची हमी देत नाही. पोराला टायपिंग शिकवायचंय, लिनक्स टाकून वापरायचंय, तर सातवी जनरेशन खुशाल घ्या. ज्यावर बँकेचं काम किंवा जीएसटी रिटर्न होणार त्यावर मात्र मी आठवीच्या खाली जाणार नाही.

आता "जुना" म्हणजे काय ते पाहा, कारण एका शब्दात तीन वेगळे माल विकले जातात.

एक म्हणजे कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड मशीन, डेल ऑप्टीप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. हा माल मला आवडतो, मजबूत असतो. ऑप्टीप्लेक्समध्ये ३०५० म्हणजे सहावी-सातवी जनरेशन आणि ३०६० म्हणजे आठवी, दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून मॉडेल नंबर वाचूनच घ्या. पण यांचा एक त्रास आहे, बऱ्याच मॉडेलचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) आणि त्याचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात, उडाला तर बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. आणि छोट्या कॅबिनेटमध्ये मोठं ग्राफिक्स कार्ड जात नाही, त्यामुळे गेमिंगवाल्यांनी इकडं फिरकूच नका.

दुसरा प्रकार म्हणजे "ब्रँड न्यू असेंबल्ड आय सेव्हन", दुकानात सुटे भाग जोडून बनवलेला. कॅबिनेट नवं, लाइटवाले पंखे नवे, मदरबोर्डही नवा, पण एच६१ किंवा एच८१ या जुन्या प्रकारचा, आणि त्यात बसवलेला प्रोसेसर कुठल्यातरी भंगार मशीनमधून काढलेला तिसऱ्या-चौथ्या जनरेशनचा. रॅम जुन्या प्रकारची, डीडीआर३, जी पुढं दुसऱ्या कुठल्याच मशीनला लागणार नाही. हा घेऊच नका. बिलावर नवा लिहिला तरी प्रोसेसर दहा वर्षांहून जुनाच राहते.

तिसरा म्हणजे सीलबंद, पण मागच्या मॉडेलचा माल. इथं उलटं आहे, इथं जुनंच घ्या. इंटेलची चौदावी जनरेशन ही बहुतांश तेराव्याचीच थोडी पॉलिश केलेली आवृत्ती, आय फाइव्ह १३४०० आणि १४४०० दोन्हीत १० कोर, १६ थ्रेड, फरक वापरताना कळतही नाही. साध्या कामाला १२४०० सुद्धा मस्त. फक्त नंबरपुढं एफ आहे का ते पाहा, १२४००एफ मध्ये आतलं ग्राफिक्स नसते, वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

हिशोब कसा करायचा तर वर्षांनी. समजा जुना १८ हजारात आहे, पण त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) टाकायची, रॅम ८ ची १६ करायची, झाले २४, आणि तो तीन वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ८ हजार. नवा ४० हजाराचा, सहा वर्षं धरली तर वर्षाला साडेसहा-पावणेसात. म्हणजे स्वस्त कोणता? माझं सरळ म्हणणं, सगळं धरून जुना नव्याच्या साठ टक्क्यांवर गेला की सोडून द्या. टॅली, एक्सेल, ऑनलाइन क्लास एवढंच असेल आणि आठव्या-नवव्या जनरेशनचा आय फाइव्ह अर्ध्या भावात मिळून राहिला तर मात्र नव्याच्या मागं लागायचं काहून? आटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग, कोरल ड्रॉच्या मोठ्या फाइली असतील तर नवाच घ्या.

यशवंत स्टेडियम, धंतोलीकडं दुकानात गेलात की मशीन तुमच्यासमोर चालू करायला लावा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसर आणि रॅम दिसते, सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन उघडलं की विंडोज खरंच ॲक्टिव्हेट आहे का कळते, आणि क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत आणि ती किती तास चालली ते दाखवते. बायोसला (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग) जुन्या कंपनीचा पासवर्ड नाही ना तेही पाहा. मग अर्धा तास यूट्यूब चालवून कॅबिनेटला हात लावा, पंखा बोंबलत असेल तर आत धूळ साचली किंवा प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली, हे काम त्यांच्याकडूनच करून घ्या, पैसे न देता.

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाते, त्यात जुनी मशीन आधी गरम होऊन हळू पडते आणि मग आपोआप बंद व्हायला लागते. म्हणून थोडी मोकळी जागा द्या, पण कूलरच्या झोतात सीपीयू ठेवू नका, ती ओली हवा थेट आत जाते. यूपीएसचे पैसे आधीच बजेटमध्ये धरा, जुना घ्या का नवा.

आणि वॉरंटी तोंडी घेऊ नका. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, मशीनचा सिरियल नंबर आणि किती महिने बदलून देणार ते लिहून घ्या. लिहून द्यायला का-कू केली तर शेजारचं दुकान पाहा.